आजारपण काढणाऱ्या सुनेचं कोण करतं? एक प्रकरण अभ्यास

सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी पाच सूचना होत्या. दर दोन तासांनी कूस बदलणे. दिवसातून आठ वेळा नळीवाटे आहार. लघवीच्या नळीची निगा. तोंडाची व पाठीची स्वच्छता. सकाळ-संध्याकाळ व्यायाम. हे कुणी करायचं, ते लिहिलेलं नव्हतं. कार्डावर रुग्णाचं नाव होतं, डॉक्टरांचं होतं, बिल भरणाऱ्या मुलाचं नाव आणि मोबाईल नंबर होता. ज्या सुनेने पुढे हे सगळं केलं, तिचं नाव कुठेच नव्हतं.

मी एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. हे प्रकरण त्या सुनेचं आहे. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम दिलेली नाहीत. त्यांना मी वहिनी म्हणते, इथेही तेच म्हणेन.

घर

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. सासूबाई ७२ वर्षांच्या, बीपी आणि साखर जुनी. एके सकाळी चूल पेटवताना उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरात ७८ वर्षांचे सासरे, कमी ऐकू येणारे पण हिंडते-फिरते. मुलगा साखर कारखान्यात कायम कामगार, तीन पाळ्यांत. वहिनी ४४ वर्षांच्या. घरीच ब्लाऊज शिवायच्या, पिको-फॉल करायच्या, लग्नसराईत त्यांच्याकडे रांग असायची. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. धाकटा दीर चाकणला कंपनीत, नणंद मिरजेला दिलेली.

म्हणजे बाहेरून बघितलं तर भरलेलं घर. पगार येणारा, घर स्वतःचं, माणसं प्रेमळ. 'यांना मदतीची गरज नाही' असा शिक्का अशाच घरांवर पटकन बसतो.

दीड महिन्याने सासूबाईंचा मुलगा औषधं न्यायला एकटाच आला. वहिनी कशा आहेत विचारलं, तर म्हणाला, "आई बरी आहे." मी पुन्हा विचारलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ती काय, करतेय की." संध्याकाळी मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला काही नाही झालं. झोप तेवढी लागत नाही. आणि लागली की आईंचा आवाज ऐकू येत नाही, याची भीती वाटते." दोन दिवसांनी मी घरी गेले.

सासूबाईंच्या माकडहाडापाशी रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. वहिनींनी ती मला दाखवली ती चोरी पकडल्यासारखा चेहरा करून. त्यांची स्वतःची कंबर धरलेली होती, कारण त्या सासूबाईंना काखेत हात घालून एकट्या वर ओढायच्या. थायरॉईडची गोळी संपून महिना झाला होता. आणायला कोण जाणार? मी बरोबर नेलेल्या मशीनवर त्यांचं बीपी १६०/१०० आलं. शिवणयंत्रावर जुनी चादर टाकलेली होती आणि तिच्यावर डायपरची पाकिटं रचलेली होती.

नऊ तास, पण कसे?

आम्ही ओट्यापाशी बसून हिशेब मांडला. कूस बदलायची बारा वेळा, दर वेळी दहा मिनिटं: दोन तास. नळीवाटे आहार आठ वेळा, पातळ करणं, गाळणं, हळूहळू सोडणं, नळी धुणं धरून पंचवीस मिनिटं: तीन तास वीस मिनिटं. डायपर आणि स्वच्छता पाच वेळा: एक तास चाळीस मिनिटं. व्यायाम एक तास. अंघोळ पुसून काढणं, तोंड, लघवीची पिशवी यांचा मिळून आणखी एक तास. बेरीज बरोबर नऊ तास. स्वयंपाक, धुणी, मुलांचे डबे यात धरलेले नाहीत.

केंद्राच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्यात वेळ देतात असं आलं, आणि त्या दिवसाला सुमारे १४० मिनिटं देतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. या सरासरीत पोरांना सांभाळणंही येतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घर या आकड्याच्या फार पलीकडे असतं.

पण नऊ हा आकडा ऐकून दचकण्यात अर्थ नाही. नऊ तासांची नोकरी माणसं करतात. इथे अडचण वेगळी आहे: हे नऊ तास चोवीस तासांत असे विखुरलेले आहेत की मधली मोकळी जागा कधीही दीड-पावणेदोन तासांपेक्षा मोठी होत नाही. रात्री बारा, दोन, चार, सहा. त्या तुकड्यात झोप पुरत नाही, ब्लाऊजची कटिंग होत नाही, स्वतःच्या डॉक्टरकडे जाऊन येता येत नाही. वहिनींचं आयुष्य कामाच्या ओझ्यापेक्षा या तुकड्यांनी मोडलं होतं. पुढे जे जे केलं, ते याच एका निदानावर. काळजी घेणाऱ्या माणसाला मदत द्यायची तर ती तासांत मोजून आणि सलग द्यायला हवी. "काही लागलं तर सांगा" या वाक्याने एकही तास सुटत नाही.

त्यात भेटायला येणारे. आजारपण म्हटलं की आपल्याकडे भेटायला जाणं आलंच, आणि त्यामागची माया खरीच असते. पण प्रत्येक भेट म्हणजे चहा, आणि प्रत्येक चहाबरोबर एक सल्ला. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगून गेलं, कुणी अमुक गावच्या वैद्याचं तेल. जाताना सगळे म्हणायचे, "सून नशिबाने चांगली मिळाली हो." ते ऐकून वहिनींना बरं वाटायचं, आणि त्यानंतर "मला जमत नाही" हे म्हणणं आणखी अवघड व्हायचं.

काळजीचा भार मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४, एकूण ८८. वहिनींची बेरीज ५८ आली. ती बेरीज मी पुढे बैठकीत वापरली, कारण घरातल्या पुरुषांना "तिला त्रास होतोय" यापेक्षा आकडा लवकर कळतो.

सरकारी दारं

आधी पैशांची बाजू पाहिली. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांच्या उत्पन्न मर्यादा कायम पगाराच्या घराला लागू होणाऱ्या नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतले साधनांसाठीचे एकदाचे ३,००० रुपये, त्यालाही वार्षिक २ लाखांची मर्यादा. ७० वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांपर्यंतचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, ते सासूबाईंचं काढून घेतलं. पुन्हा भरती करायची वेळ आली तर ते मोठा आधार आहे. पण ते कार्ड दवाखान्यात भरती करून होणाऱ्या उपचाराचं आहे. दवाखान्यातून घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरले जातात, त्यापुढच्या डायपरचा, एअर बेडचा, घरी येणाऱ्या मावशींचा त्यात समावेश नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलं, कारण पक्षाघातात तेवढ्या काळात बरीच सुधारणा होऊ शकते. सातव्या महिन्यात गाडी करून त्यांना तपासणीला नेलं आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, झालं. त्यावर आयकराच्या जुन्या प्रणालीत कलम ८०डीडीखाली ७५ हजारांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्क्यांवर असेल तर सव्वा लाखाची वजावट सांभाळणाऱ्या नातेवाइकाला मिळत होती. मुलाचं उत्पन्न नव्या प्रणालीत आधीच करमुक्त, म्हणून तिचा उपयोग शून्य. आणि उपयोग झाला असता तरी तो पगारदार मुलाला झाला असता. ज्या बाईने शिवणकाम सोडलं तिच्या हातात एक रुपयाही आला नसता.

हे मला फार खटकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. कायद्याने कल्पना मान्य केली आहे. केरळने आश्वासकिरणम नावाच्या योजनेतून ती प्रत्यक्षात आणली: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी दरमहा ६०० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती सांभाळणारीच्या नावावर आहे. सरकारदरबारी तिची नोंद होते, हीच त्यातली मोठी गोष्ट. वहिनींसाठी असा कुठलाही भत्ता आम्हाला सापडला नाही.

ज्या दारातून खरोखर काही मिळालं ते होतं गावातलं उपकेंद्र. अशी उपकेंद्रं ज्यात येतात त्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांच्या यादीत वृद्धांची आणि उपशामक, म्हणजे दुखणं सुसह्य करणारी, काळजी आहे. आशाताईंनी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणलं. या अधिकारी दर आठवड्याला घरी येऊ लागल्या: जखमेचं ड्रेसिंग, लघवीची नळी, साखर-बीपी. येतील तेव्हा वहिनींचंही बीपी मोजायचं, हे आम्ही ठरवून घेतलं आणि एकाच वहीत दोन रकाने आखले. थायरॉईडची आणि बीपीची गोळी सुरू झाली. उपकेंद्राची ही बाई आली नसती तर जखम घेऊन पुन्हा भरतीच करावी लागली असती, असं माझं मत आहे.

बँकेचं कामही वहिनींच्याच डोक्यावर होतं. सासूबाईंच्या नावावर थोडी ठेव होती आणि सहीचा हात गेला होता. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी. आणि ७० वर्षांवरच्यांना व दिव्यांगांना घरपोच बँकिंग देण्याची सूचना २०१७ ची आहे. शाखेत दोनदा नकार मिळाला, तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिल्यावर अधिकारी घरी आले. सासूबाईंना समजत होतं, त्या मान हलवून होकार देत होत्या, म्हणून हे सुटलं.

कूस कशी बदलायची

पैशांपेक्षा आधी वहिनींना शिकवणारं कुणीतरी हवं होतं. दवाखान्यात नर्सने एकदा दाखवलं होतं, तेही सुट्टीच्या गडबडीत. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई घरी आल्या आणि त्यांनी दोन तास दिले.

पहिलं काम म्हणजे खाटेच्या पायांखाली विटा. खाट कमरेच्या उंचीला आली की वाकणं निम्मं होतं. मग सासऱ्यांचं जुनं मऊ धोतर चौपदरी करून सासूबाईंच्या खाली, खांद्यापासून मांडीपर्यंत आडवं पसरलं. दोघं असतील तर दोन्ही बाजूंनी धोतराचे काठ गुंडाळून मुठीत धरायचे, "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि उचलून सरकवायचं; ओढायचं नाही, कारण घासल्यानेच कातडी सोलते. एकटं असताना पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, एक नितंबामागे, आणि आपले गुडघे वाकवून आपल्याकडे वळवायचं. पूर्ण कुशीवर टाकायचं नाही, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा हवेत राहतील. काखेत हात घालून ओढणं बंद. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा त्याने निखळतो. जखमेखाली ठेवायला आणलेली रबरी रिंग काढून टाकली, कारण तिच्या कडांनी भोवतालचा रक्तपुरवठा दबतो. एअर बेड होता, पण तो असला तरी कूस बदलावीच लागते, आणि वीज गेली की पंप थांबतो हेही सांगितलं.

आहार देताना डोक्याकडची बाजू उंच, आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच. वहिनी लगेच आडवं करत होत्या, म्हणून रात्री ठसका लागायचा.

या शिकवणीला मी एक अट घातली होती: वहिनी एकट्या शिकणार नाहीत. मुलगा, सासरे आणि शेजारच्या काकू, तिघंही हजर. मुलगा दारात उभा होता. आत यायला तयार नव्हता. "आईचं मी कसं करू?" हे त्याचं वाक्य मी अनेक मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यामागचा संकोच खोटा नाही. आईच्या अंगाला हात लावणं मुलाला जड जातं आणि आईलाही. पण त्या संकोचाची किंमत दर रात्री सून मोजते. आम्ही मधला मार्ग काढला: डायपर आणि अंघोळ बायकांकडे, कूस बदलणं, नळीचा आहार, व्यायाम आणि औषधं यांत त्याने पूर्ण हात घालायचा. त्या दिवशी त्याने धोतराचा काठ धरला. सासूबाईंनी डाव्या हाताने त्याच्या मनगटावर थोपटलं. पुढे महिन्याभरात डायपरचा संकोचही आपोआप गळाला, कुणी सांगावं लागलं नाही.

बैठक

रविवारी दीर चाकणहून आले, नणंद मिरजेहून. बैठकीत मी नऊ तासांचा कागद मध्ये ठेवला आणि वहिनींना विचारलं, "तुम्हाला काय हवं?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दुपारी दोन ते पाच. रोज. आणि रात्री सलग पाच तास झोप." एवढंच. पैसे, दागिने, कौतुक, काही नाही.

दीर म्हणाले, "मी दर महिन्याला पाठवतोय की." ते खरंच पाठवत होते, पण ते पैसे औषधांत आणि डायपरमध्ये जात होते, त्यातून वहिनींचा एकही तास मोकळा होत नव्हता. रुग्ण सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्यूरोने बारा तासांच्या बाईसाठी महिना १५ हजार सांगितले होते. तेवढं शक्य नव्हतं आणि लागतही नव्हतं. गावातल्याच एका मावशींना दुपारी दोन ते पाचसाठी ५ हजारांत ठरवलं, पैसे दीर देणार, शिकवणं आमच्याकडे.

यावर सगळ्यांत मोठा विरोध कुणाचा झाला? वहिनींचाच. "घरात सून असताना बाई ठेवली, असं लोक म्हणतील." माहेरी, गल्लीत, भावकीत, सगळीकडे हे बोललं जाईल याची त्यांना खात्री होती. तिथे मी कितीही समजावलं असतं तरी उपयोग झाला नसता. सासऱ्यांना काय चाललंय ते नातीने कानाजवळ जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बाई मी ठेवलीय म्हणून सांगा. बोलायचं त्यानं माझ्याशी बोलावं." विषय तिथे संपला. काळजीवाहकाला मदत स्वीकारायला घरातल्या वडीलधाऱ्याची अशी उघड परवानगी किती कामाला येते, हे आमच्या क्षेत्रात पुरेसं ओळखलं जात नाही. आम्ही समुपदेशन सुनेचं करतो; खरं तर पहिलं बोलणं सासऱ्यांशी करायला हवं.

रात्रीचं असं ठरलं: मुलाची रात्रपाळी नसेल तेव्हा दहा ते तीन त्याचं. तेवढ्यात वहिनी दुसऱ्या खोलीत, दार लोटून झोपणार. दार लोटून, हे मी मुद्दाम लिहून घेतलं, कारण त्याच खोलीत झोपलं तर खोकल्याच्या आवाजानेही जाग येते. डॉक्टरांना विचारून रात्रीचा एक आहार संध्याकाळी सरकवला. नणंदेने दर दोन महिन्यांनी आठ दिवस यायचं, आणि त्या आठ दिवसांत वहिनींनी माहेरी जायचं. घरी राहायचं नाही. सासऱ्यांकडे तोंड पुसणं, उजव्या हाताची बोटं उघडमीट करणं आणि वहीत नोंदी.

बारावीतल्या मुलीबद्दल मी वेगळं बोलले. ती दुपारचा क्लास बुडवून आजीचा आहार देत होती, कुणी सांगितलं नव्हतं, तिनेच उचललं होतं. असं आपसूक उचललेलं काम मुलींच्या अंगाला कायमचं चिकटतं. तिच्या वाट्याला संध्याकाळी आजीशी अर्धा तास बोलणं एवढंच ठेवलं. तिने फोनवर चित्रं दाखवून आजीकडून शब्द काढायचा खेळ सुरू केला, आणि आजीचा पहिला स्पष्ट शब्द, "पाणी", तिलाच ऐकायला मिळाला. आठवीतल्या मुलाला दूध, गिरणी आणि औषधांचं दुकान दिलं. तोवर ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घडी मोडली, पुन्हा बसवली

ठरलं तसं सगळं झालं नाही. सोयाबीनची काढणी आली आणि मावशी गेल्या. शेतात मजुरी जास्त, आणि त्यांनी का जाऊ नये? तीन आठवडे दुपार पुन्हा वहिनींवर आली. नणंदेचीही दुसरी फेरी हुकली, कारण तिच्या घरी सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. म्हणजे ती तिकडे तेच करत होती जे इकडे वहिनी करत होत्या.

त्या आठवड्यांत एका रात्री वहिनींनी गच्चीवर जाऊन १४४१६ वर फोन लावला. ही टेलिमानसची मानसिक आधाराची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला होता, शेजारी ज्येष्ठांसाठीचा १४५६७, जो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. वहिनींनी नंतर सांगितलं, "मी फोनवरच्या बाईला म्हणाले, आई आता सुटाव्यात असं मनात येतं. ती म्हणाली, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. रागावली नाही." वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या माणसाच्या मनात हा विचार येतो, तो पाप म्हणून गिळला जातो आणि त्याचंच पुढे आजारपण होतं. घरातल्या कुणाला सांगता येत नाही असं वाक्य अनोळखी माणसाला सांगता येणं, ही मदत कुठल्याही यादीत वरच्या जागी असायला हवी.

गटाचा आधार शहरांत बऱ्यापैकी आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत कुटुंबीयांचे स्वमदत गट चालतात; डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मृतिभ्रंशासाठी, १९९२ मध्ये स्थापन झालेल्या एआरडीएसआय या संस्थेच्या शाखा आहेत. वारज्याच्या सिप्ला उपशामक केंद्रात कर्करुग्णाबरोबर घरच्या माणसालाही शिकवून पाठवतात. तालुक्याच्या गावात असं काही नव्हतं, म्हणून आम्ही तीन घरं जोडली. दुसरं घर निवृत्त शिक्षकांचं, पत्नीला डिमेन्शिया. तिसरं एका आईचं, एकोणीस वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी.

या दोन घरांनी वहिनींना दिलं तेवढंच एकमेकांनाही दिलं. त्या आईला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची पूर्ण वाट पाठ होती: १९९९ चा कायदा, निरामय आरोग्य विमा १ लाखापर्यंत, अठरा पूर्ण झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व. गुरुजींना वाटलं आपल्यालाही हेच मिळेल. मिळत नाही, तो कायदा दिव्यांगत्वाच्या ठरावीक चार प्रकारांपुरता आहे. दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचं नाव आहे, डिमेन्शियाचं नाही, मात्र मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचा समावेश आहे, त्या अंगाने अर्ज करता येतो. पत्नीच्या खात्याचं काय, हा त्यांचा खरा प्रश्न. बुद्धी शाबूत असताना केलेलं मुखत्यारपत्रही पुढे ती क्षमता गेली की अडतं, आणि मग उच्च न्यायालयात पालक नेमून घ्यावा लागतो. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या पतीसाठी पत्नीला असं नेमलं होतं. निवृत्त शिक्षकाला उच्च न्यायालयाच्या खेपा आणि वकिलाची फी परवडेल का, हे मला त्यांच्या तोंडावर विचारवलं नाही. त्यांनी स्वतःच विषय काढला आणि वर्गातल्या शिस्तीने कागद जमवायला लागले.

तिघं महिन्यातून एकदा गुरुजींच्या ओसरीवर भेटतात. वहिनी तिथे गुरुजींना पत्नीची वेणी घालायला शिकवून आल्या.

आज

जखम अडीच महिन्यांत भरली. चौथ्या महिन्यात नाकातली नळी निघाली, पाठोपाठ लघवीची. नऊ तासांचे पाच-साडेपाच झाले. सासूबाई आता खुर्चीत बसतात, डाव्या हाताने मऊ भात खातात, थोडे शब्द बोलतात, चिडतातही. वहिनींचं बीपी गोळीवर ताब्यात आहे, कंबर अजून धरते. झारिटची बेरीज ५८ वरून ३७ वर आली. दुपारी दोन ते पाच यंत्र चालू असतं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी परत आली आहेत, निम्मी दुसरीकडे वळली ती वळलीच. त्या काळातली बुडालेली कमाई कुणी भरून दिली नाही, देणारही नाही. त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी पीएफ नाही, पेन्शन नाही. दिरांनी देऊ केलेली एक गोष्ट मला फार योग्य वाटली: वहिनींच्या नावाने टपालात आवर्ती ठेव, दरमहा हजार रुपये, तिन्ही भावंडं मिळून. नणंदही त्यात तिचा वाटा भरते.

आमच्या रुग्णालयात आता अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सोडण्याआधी एक जादा पान भरलं जातं. घरी मुख्यतः कोण करणार, तिचं किंवा त्याचं नाव, वय, स्वतःचे आजार आणि गोळ्या. दुसरं कोण शिकलं. रात्री कोण. ती व्यक्ती आजारी पडली तर कोण. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक घरं अडतात, आणि मग आम्ही सुट्टी एक दिवस पुढे ढकलून घरच्यांना बोलावतो. डॉक्टरांची सुरुवातीला कुरकुर होती, खाट अडते म्हणून. ती अजून पूर्ण गेलेली नाही.

येत्या सोयाबीनला मावशी पुन्हा शेतात जाणार आहेत, त्यांनी तसं आधीच सांगून ठेवलं आहे. त्या तीन आठवड्यांपैकी पहिला नणंदेने घेतला आहे, दुसऱ्यासाठी दिरांनी रजा टाकली आहे. तिसऱ्या आठवड्याच्या दुपारी शेजारच्या काकू आणि गुरुजींची सून वाटून घेणार आहेत, त्याबदल्यात वहिनी त्यांच्या दिवाळीच्या ब्लाऊजची शिलाई घेणार नाहीत.